पेटी बोलता कामा नये

मी आजवर विमानात बसलेलो नाही. संधी आली होती, मुलाने तिकीट काढतो म्हटलं होतं, पण माझे गुडघे आणि माझा स्वभाव दोन्ही त्या अरुंद खुर्चीत मावण्यासारखे नाहीत. माझ्या हातच्या पेट्या मात्र जग हिंडून आल्या. दुबई, फ्रँकफर्ट, सिंगापूर, टोरांटो. म्हैसूरच्या शिवरामपेटेत, आत शिरताना अंग चोरावं लागेल एवढ्या दुकानात बसून मी आयुष्याचा मोठा भाग एकाच कामात घालवला. लोकांची महागडी, नाजूक, विजेवर चालणारी यंत्रं विमानाच्या पोटात सुखरूप जातील अशी बांधून द्यायची.

मुलाची सोयरीक ठरत असताना सांगलीच्या व्याह्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "पॅकिंग." त्यांना वाटलं घरसामान हलवणाऱ्या ट्रकवाल्यांत आहे. मग मुलाने समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे पेट्या भरता?" तसं म्हटलं तर तसंच. सर्जनसुद्धा शेवटी कापून शिवतोच.

आम्ही शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. विठोबाच्या भजनापुरती आणि जेवणाच्या ताटापुरती मराठी मात्र टिकवून आहोत. ती महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना अर्धीच कळते, कारण उरलेली अर्धी कन्नड असते. हा लेखही सुनेने वाचून, कपाळाला हात लावून, दुरुस्त करून दिलाय. जिथे माणसं बोलतात तिथे मात्र मी तिला हात लावू दिलेला नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कोटाचे कारागीर. दसऱ्याच्या आधी वाजंत्र्यांचे गणवेश शिवायला त्यांच्याकडे रीघ लागायची. पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली आणि कोट घालणारी माणसंही एकेक करून गेली. पोट कुणासाठी थांबत नाही. मी वीणेच्या गवसण्या शिवायला लागलो. म्हैसुरात वीणा पुष्कळ, आणि ती वाजवणारी माणसं आपल्या पोटच्या पोरापेक्षा तिला जपणारी. अण्णांना हे काम पसंत नव्हतं. म्हणायचे, "गवसणी शिवणं म्हणजे उशीला अभ्रा घालणं. त्याला शिंपी कशाला बेकू?" बेकू म्हणजे हवा. पण गवसणीत चिंध्या कुठे दाटून भराव्यात आणि कुठे सैल सोडाव्यात हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कोटाच्या खांद्यात आयुष्यभर तेच तर केलं होतं त्यांनी.

खरी विद्या मला आखातातून आलेल्या पेट्यांनी शिकवली. आमच्या गल्लीतली पोरं तिकडे नोकरीला गेली आणि सुट्टीत परतताना टीव्ही, व्हीसीआर, टेपरेकॉर्डर घेऊन आली. जाडजूड दोरीने आवळलेले खोके, वर तेलरंगात हातभर अक्षरांत नाव. खोका उघडायचा सोहळा असायचा, सगळी गल्ली गोळा व्हायची. मला टीव्हीत रस नव्हता. तो कशात गुंडाळलाय ते बघायला मी पुढे घुसायचो. बहुतेक वेळा वाघाचं चित्र असलेली जाड, लोकरीसारखी चादर असायची. टीव्हीही शाबूत आणि घरी चादरही आली. एका दगडात दोन पक्षी. आणि जे टीव्ही फुटून आले, ते का फुटले हेही मला तिथेच कळलं.

वस्तू बाहेरच्या धक्क्याने कमी आणि स्वतःच्या हिसक्याने जास्त फुटते. पेटीत ती बोटभर हलली की प्रत्येक हाताळणीत ते बोटभर अंतर ती जोरात धावते आणि भिंतीवर आपटते. म्हणून माझा पहिला नियम : पेटी बोलता कामा नये. भरून झाली की उचलायची, कानाशी धरून हलवायची. आत काहीही वाजलं, अगदी खुळखुळलं जरी, तरी सगळं बाहेर काढून पुन्हा भरायची.

दुसरा नियम गिऱ्हाइकांना पटायला जड जायचा. थेट विमान असेल तर पेटी एकदाच चढते आणि एकदाच उतरते. मध्ये विमान बदलायचं असेल तर परक्या देशातले परके हात तिला पुन्हा उतरवतात, पट्ट्यावर टाकतात, उन्हापावसात उभी करतात आणि संशय आला तर उघडतात. उघडणारा वाईट नसतो, घाईत असतो. तो आपल्यासारखी परत भरणार नाही. म्हणून पेटी अशी भरायची की अनोळखी माणसालाही ती तशीच्या तशी बंद करता यावी. मी प्रत्येक वस्तूला वेगळ्या रंगाची पिशवी शिवायचो आणि पेटीतल्या तिच्या खोबणीत त्याच रंगाचा कपडा लावायचो. लाल पिशवी लाल खोबणीत. त्याला कुठलीही भाषा लागत नाही.

बाकीच्या गोष्टी साध्या. बॅटऱ्या काढून हातातल्या पिशवीत न्यायच्या, पेटीत ठेवायच्या नाहीत. पेटी बाहेरून जितकी दरिद्री दिसेल तितकी बरी. एक प्राध्यापक पेटीच्या चारी अंगांना ठळक अक्षरांत 'किमती उपकरण' असं लिहून आले होते. मी म्हटलं, सर, चोराला पत्रिका कशाला छापताय? आणि पोचल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. वर आभाळात फार थंडी असते. थंड वस्तू गरम हवेत आली की तिला घाम फुटतो, आणि घामाघूम यंत्राला वीज दिली की ते गेलंच. तासन्‌तास तशीच बंद राहू द्यायची, घरच्या हवेला सरावू द्यायची. सगळ्यात पहिला सल्ला मात्र मी फुकट द्यायचो. हातात नेता येत असेल तर माझ्याकडे येऊच नका. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं मी दारातूनच परत पाठवली आणि अण्णांच्या शिव्या खाल्ल्या.

एक गाणाऱ्या बाई होत्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, ज्याला आमच्याकडे श्रुतिपेटी म्हणतात, त्यांनी स्वतःच सामानात टाकला होता, साड्यांच्या घडीत. विमान बदलताना कुठेतरी बटण दाबलं गेलं आणि त्यांची बॅग सा-प सा-प करत पट्ट्यावरून फिरायला लागली. चारी बाजूंनी शिपाई धावले. बाई सांगत होत्या, "अहो, मी त्यांना म्हणते, हे गाणं आहे, ते म्हणतात मागे व्हा." पुढच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी बटणांवर जाड बनातीची टोपी शिवून दिली. जाताना म्हणाल्या, "पण काय सांगू राव, सूर पक्का लागला होता हं."

दुसरा त्रास आयांचा. पेटीत रिकामी जागा दिसली की आपल्याकडच्या आयांच्या हाताला खाज सुटते. एका फोटोग्राफर मुलाच्या कॅमेऱ्यासाठी मी फोम कोरून खोबण केली, भोवती मुठीएवढी जागा मुद्दाम मोकळी ठेवली. निघायच्या दिवशी आईने त्या जागेत चटणीपुडीचे डबे बसवले. पोरगं वर्षाने सुट्टीवर आलं आणि लेन्स माझ्या नाकाशी धरून म्हणालं, "वास घ्या अंकल." मी घेतला. पुडी चांगली झाली होती.

असं सगळं चाललेलं असताना ती आयुधपूजा आली. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी हे लिहायला बसलो.

म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, सगळ्या हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्यावर, ते त्या दिवशी देव. रिक्षावाल्याची रिक्षा केळीच्या खांबांनी सजते, न्हाव्याचा वस्तरा पाटावर बसतो. रस्त्यावर कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांवरून घसरत घसरत चालावं लागतं. आमच्याकडे शिलाईची दोन्ही मशीनं, कात्र्या, सुया, टेप, फोम कापायची सुरी, मशीनचा स्क्रूड्रायव्हर, सगळं धुऊनपुसून, कुंकू लावून, शेवंतीचे हार घालून मांडायचं. एकदा मांडलं की दशमीची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अण्णा म्हणायचे, "वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा." यात त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. एकदा माझ्या लहानपणी शर्टाचं बटण तुटलं म्हणून आईने सुई उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली आणि मी दिवसभर पोट उघडं टाकून हिंडलो.

त्या नवमीला दुपारी मी दुकानात चुरमुरे-बत्तासे वाटत बसलो होतो. अण्णा ऐंशीच्या घरातले, नवं पंचं, म्हणजे धोतर, नेसून, गल्ल्याशेजारी खुर्चीत. एक रिक्षा थांबली. त्यातून एक मुलगी उतरली आणि पोटाशी धरून एक यंत्र आणलं तिने, शिलाई मशीनच्या डोक्याएवढं. मेटगळ्ळीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये ती इंजिनीअर होती. नाव पवित्रा. कन्नडच बोलत होती, मी मराठीत सांगतो.

"अंकल, पहाटेचं विमान आहे. हे हातात घेऊन जाणार होते. आत्ता कळलं, वजन जास्त भरतंय, आत घेणार नाहीत. सामानातच टाकायला पाहिजे."

"कुठे जाणार?"

"जर्मनी. मध्ये आखातात बदलायचंय."

मी यंत्र बघितलं. वर धान्य टाकायला एक चाडं, खाली काच, दिवा आणि आकडे दाखवणारी पट्टी. तिने सांगितलं ते असं. तिचे वडील कृष्णराजनगरचे, भाताची शेती. बाजारात व्यापारी भाताचा दाणा दाताखाली फोडून म्हणतो ओला आहे, भाव कमी. शेतकऱ्याने काय बोलायचं? म्हणून तिने दाण्याचा ओलावा मोजणारं यंत्र केलं होतं. तसली यंत्रं बाहेर होतीच, पण हे लहान आणि स्वस्त. वर्कशॉपच्या मालकाने तिला शेडचा एक कोपरा दिला होता, तोही पुरे आता म्हणत होता. जर्मनीतल्या एका प्रदर्शनात हे चालवून दाखवायला बोलावणं आलं होतं. मालकाने साफ सांगितलं होतं, तिथे चाललं तर कोपरा तुझा, नाही चाललं तर त्या कोपऱ्यात आपण दरवाज्यांच्या बिजागऱ्या करू.

"दुसरं यंत्र नाही?"

"एवढंच आहे, अंकल."

मी पाटाकडे बघितलं. कात्री, सुई, सुरी, सगळी हार घालून बसलेली. मग अण्णांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

"अण्णा," मी म्हटलं, "पोरीचं विमान आहे."

"ऐकलं की. बहिरा नाही मी."

"मग काय करू?"

"हत्यार उचलायचं नाही. काम करू नको असं मी कुठे म्हटलं? देवाने हात दिलेत अल्ला?" अल्ला म्हणजे आमच्याकडे 'नाही का'.

आता फोम सुरीशिवाय कापत नाही आणि रेक्झिन सुईशिवाय शिवत नाही. मी तसं म्हणालो. अण्णा खुर्चीतून उठले, दुकानामागच्या आमच्या घरात गेले आणि जुनं धोतर गुंडाळून बाहेर आले. हातात दसऱ्याचं नवं कोरं पंचं. त्यांनी काठ दातात धरून एक हिसका दिला आणि टर्रकन उभी पट्टी फाडली. मग दुसरी. सुती कापड उभ्या धाग्यावर धरलं की सरळ फाटतं, कात्रीपेक्षाही सरळ. पवित्रा बघतच राहिली. "ताता, नवीन आहे ते," ती म्हणाली. ताता म्हणजे आजोबा.

"जुनं टिकणार नाही," अण्णा म्हणाले.

दुकानात चिंध्यांची पोती होती, तयार उशांचे अभ्रे होते, गेल्या कामांतले फोमचे तुकडे होते. पवित्राकडे कडक सुटकेस होती. आम्ही अभ्रे दाबून भरायला घेतले. अण्णा खालची गादी स्वतः भरत होते, कोपऱ्यात दाट, मध्ये मऊ. माझ्या मनात आलं, कोटाचा खांदा भरतायत. पवित्राने छोटी बॅटरी काढून आपल्या हातातल्या पिशवीत टाकली. यंत्र गादीवर ठेवण्याआधी मी सवयीने उचललं आणि कानाशी नेऊन हलवलं.

आत काहीतरी वाजलं. बारीक, कोरडं. खर्र.

"काय सुटलंय आत?"

"काही नाही. सकाळी चालवून बघितलंय." तिचा चेहरा उतरला. "पूजेच्या आधी."

मग तिच्याच लक्षात आलं. सकाळी वर्कशॉपमध्ये आयुधपूजा झाली होती. भटजींनी सगळ्या यंत्रांवर मूठमूठ अक्षता टाकल्या होत्या. हे यंत्र तर परदेशी निघालेलं, त्याच्यावर मालकाने हौसेने जास्तच टाकायला लावल्या. आणि चाडं उघडं. धान्य मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडात तांदूळ घालून मोकळे झाले होते सगळे. ते दाणे मोजायच्या जागेत असते तर झटकून निघाले असते, पण फटीतून खाली, विजेच्या पाटीवर गेले होते. ओल्या कुंकवात भिजलेले. एवढ्या प्रवासात ते कुठे जाऊन अडकतील आणि कशाला काय चिकटवतील याचा नेम नव्हता.

"उघडायला पाहिजे," पवित्रा म्हणाली. स्क्रू खोल भोकांत होते. तिने नाणं लावून बघितलं, पोचेना. केसातली पिन लावली, वाकली. शहरात त्या दिवशी एक दुकान उघडं नव्हतं, आणि असतं तरी त्याचा स्क्रूड्रायव्हर पाटावरच असणार. आमचा लांब, बारीक स्क्रूड्रायव्हर तिथे समोर होता, मुठीला कुंकू, शेजारी शेवंतीचं फूल. तिने त्याच्याकडे बघितलं, पण मागितला नाही. शेतकऱ्याची पोर, तिच्या घरी नांगरही त्या दिवशी पाटावर असणार. ती नुसती यंत्रावर हात ठेवून बसली. डोळे भरून आले होते, पण रडली नाही.

मी उठलो. अण्णा म्हणाले, "माधू, बस खाली. तू नको."

ते पाटासमोर गेले. खाली वाकता येत नव्हतं, तरी भिंत धरून वाकले. दोन्ही हात जोडून काहीतरी पुटपुटले. मग तो स्क्रूड्रायव्हर उचलून डोळ्यांना लावला.

"अण्णा..."

"अक्षता अंगावर पडाव्या, पोटात नाही," ते म्हणाले. "आणि माझं वय बघ. देव माझ्यावर रागावून रागावणार किती दिवस?"

पवित्रा हात पुढे करत होती. त्यांनी दिला नाही. "तू शिवू नको गं. तू सुम्ने दाखव कुठला फिरवायचा." सुम्ने म्हणजे नुसतं. प्रत्येक स्क्रू त्यांनी स्वतः काढला. टोक आधी बोटाने चाचपून खाचेत बसवायचे, मग फिरवायचे. झाकण निघालं. हिरव्या पाटीवर लाल तांदूळ चिकटून बसले होते, एक तर दोन बारीक तारांच्या बरोबर मध्ये. पवित्राने ओढणीच्या टोकाने एकेक टिपून घेतला, पाटी पुसली, फुंकली, बॅटरी लावून यंत्र चालवून बघितलं आणि बॅटरी परत काढून घेतली. झाकण परत लागलं. मी उचलून कानाशी धरलं. काही बोललं नाही.

मग बांधणी. गादीवर यंत्र, भोवती भरलेले अभ्रे आणि सगळ्यावरून पंच्याच्या पट्ट्या. मी सवयीने निरगाठ मारायला गेलो, अण्णांनी हातावर चापट दिली. "वाटेत उघडणाऱ्याने सोडवायची कशी? कापून टाकेल." त्यांनी सगळीकडे सुरगाठी मारल्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. सोडून पुन्हा बांधून दाखवल्या. ना टाका, ना चिकटपट्टी. उन्हं उतरायच्या आत पवित्रा रिक्षात बसून बंगळूरच्या गाडीला गेली.

उचललेला स्क्रूड्रायव्हर परत पूजेत ठेवता येतो का, याचं शास्त्र कुणाला माहीत नव्हतं. अण्णांनी तो पाटावर ठेवला नाही. वेगळा, खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दशमी. सगळं गाव हत्तींची मिरवणूक बघायला गेलेलं. सकाळी पूजा करून मी माझी कात्री उचलली, मुहूर्ताचा टाका घातला. अण्णा आपल्या मशीनला शिवले नाहीत. "तुमचं मशीन नाही चालवत?" मी विचारलं. "ती पोचू दे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पवित्राचा फोन आला. आखातात उतरायला विमानाला उशीर झाला, ती धावतपळत पुढच्या विमानात चढली. ती पोचली, पेटी पोचली नाही. कुठे आहे ते कुणी सांगत नव्हतं. यंत्र परवा दाखवायचं होतं. मी तिला धीर दिला, अशा पेट्या मागच्या विमानाने येतात, आणि ते खरंही असतं. फोन ठेवला तर अण्णा समोर उभे.

"आली नाही ना?"

"येईल, अण्णा."

"मी उचलला ना स्क्रूड्रायव्हर."

मला राग आला. म्हटलं, "विमानाला उशीर झाला तो तुमच्या स्क्रूड्रायव्हरने?"

"कशाने झाला तुला काय माहीत?" असं म्हणून ते आत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत. माझी बायको सरोजा ताट घेऊन दोनदा गेली, तसंच परत आणलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. घरात सगळ्यांनाच उपास, त्यामुळे अण्णा काळजीने जेवत नाहीत की विठोबासाठी, ते ओळखायची सोय नव्हती. पण उपासाचं साबुदाण्याचंही त्यांनी घेतलं नाही. दुकानात येऊन बसले, मशीनसमोर, हात मांडीवर. हार सुकून पिवळा पडला होता, तो काढू दिला नाही. एक जुनं गिऱ्हाईक पायजम्याची नाडी घालून घ्यायला आलं, त्याला म्हणाले, "आज नाही." त्यांच्या तोंडून गिऱ्हाइकाला हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मला फार अपराधी वाटलं. मी जर ते यंत्र कानाशी नेलं नसतं, असंही क्षणभर वाटून गेलं. मग वाटलं, तर तो तांदळाचा दाणा तिथेच राहिला असता. विचाराला ना शेंडा ना बुडखा. मी फोन समोर ठेवून बसलो आणि तो वाजला नाही.

द्वादशीला सकाळी पारणं सोडायचं असतं. सरोजाने स्वयंपाक केला, हाक मारली. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. नंतर." एकादशी संपली होती, आता विठोबाचा आडोसा उरला नव्हता. ऐंशी वर्षांचं शरीर, तिसरा दिवस, पोटात नुसतं पाणी आणि तुळशीची पानं. सरोजा मला आत बोलावून म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना, पेटी आली म्हणून. खोटं तर खोटं." मी धजलो नाही. त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं, त्यांना आवाजावरून कळायचं.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. मी दुकानातच होतो. फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला.

"अंकल, पेटी काल रात्री आली. वाटेत कुणीतरी उघडली होती." तिला धाप लागल्यासारखी झाली होती. "पण परत बांधलेली होती. बुटाची नाडी बांधतात ना, तशी फुलं काढून बांधलेली. सगळ्या पट्ट्या होत्या. आत काही हललं नव्हतं."

"लगेच उघडलीस काय?"

"नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, थांबायचं. सकाळपर्यंत तशीच ठेवली. प्रदर्शनाची माणसं येऊन घड्याळ बघून जात होती, मी नाही उघडली."

अण्णा खुर्चीतून पुढे झुकले होते. त्यांना हे सगळं नको होतं. त्यांनी फोनवर तोंड नेऊन कन्नडमध्ये विचारलं, "केलसा माड्तेनम्मा?" चालतंय का गं?

"माड्ता इदे, ताता," ती म्हणाली. चालतंय. "त्यांचा गहू घातला. आकडा बरोबर आला. पुन्हा घातला, पुन्हा तोच आला. आत्ता मालकांना फोन केला. ते म्हणाले, ये परत, कोपरा तुझाच." मग तिचा आवाज फुटला, ती रडत होती की हसत होती ते इतक्या लांबून कळलं नाही.

अण्णांनी फोन माझ्याकडे सरकवला. मशीनवरचा सुका हार काढून बाजूला ठेवला. खिडकीतला स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, धोतराला पुसला आणि खणात, त्याच्या जागेवर टाकला. मग मशीनच्या सुईचा दोरा माझ्यापुढे धरला. डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी सुई त्यांनी आजवर कुणाला ओवू दिली नव्हती. मी ओवून दिली. त्यांनी पायाने मशीन चालवलं, एका चिंधीवर हातभर शिलाई घातली, उलटून बघितली, अंगठ्याने दाबली. सरळ होती.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरोजाला सांग, ताट वाढ. भूक लागलीय."